सैनिकांची व्यक्तिचित्रं काढायची आहेत, पण सुरुवात कुठून करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातली. पोटापाण्यासाठी लग्न-बारशांचे फोटो काढते आणि गेली काही वर्षं आसपासच्या गावांमधल्या आजी-माजी सैनिकांची व्यक्तिचित्रं काढते आहे. कॉलेजातली मुलं, नुकता कॅमेरा हातात घेतलेले, कधी एखाद्या फौजीचा मुलगा किंवा सून येऊन काही ना काही विचारतात. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते.

सैनिकांवर काम करायचं मनात आहे, पण काही सुचतच नाही. प्रेरणा आणायची कुठून?

भिंतीवरून. ज्या घरातला माणूस फौजेत गेला, त्या घराच्या बैठकीत त्याचा एक फोटो असतोच. ट्रेनिंग संपल्यावर सेंटरच्या गावातल्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग नाहीतर डोंगर. टोपी किंचित तिरकी, हात मांड्यांवर, नजर लेन्सच्या जराशी वर. जुना कृष्णधवल असेल तर गालांना हातानं गुलाबी रंग दिलेला. हा फोटो घरी पाठवायला काढलेला असतो. पोरगा नीट आहे, अंगानं भरलाय, हे मायला कळावं म्हणून.

माझं काम अशाच एका फोटोखाली सुरू झालं. देवळी तालुक्यात एका लग्नाला गेले होते. नवरीचे आजोबा हवालदार होऊन पेन्शन आलेले. दुपारी दमून ते ओसरीत खुर्चीवर टेकले, ते नेमके स्वतःच्या फोटोखाली. वर विशीतला शिपाई, खाली पंच्याहत्तरी ओलांडलेले आबाजी. वरच्या फोटोत टोपीखालून बाहेर आलेला डावा कान आणि खालचा डावा कान अगदी तोच. बाकी सगळं बदललेलं. दोन्ही चेहऱ्यांमध्ये हातभर भिंत होती, आणि त्या हातभर भिंतीत जे काही घडलं होतं त्यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, पहिल्या आठ-दहा घरी कॅमेरा पिशवीतून काढू नका. भिंतीवरचा फोटो कुणी काढला, कुठं काढला, कुणाला पाठवला, एवढंच विचारा. त्या उत्तरांतून तुमचा विषय तुम्हाला दिसेल. कुणाला पोस्टिंगची गावं दिसतील, कुणाला आईची वाट पाहणं, कुणाला नुसते हात.

पण ही परंपरा सातारा-कोल्हापूरकडची ना? आमच्या विदर्भात कुठले आले सैनिक?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचं नाव घेतलं की फौज आठवते, तसं आपल्याकडच्या गावांचं होत नाही, एवढंच. माणसं आपल्याकडेही आहेत. नागपूरला लागून कामठी आहे. तिथली छावणी १८२१ सालची, आणि आज तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथं आग लागली, ती रात्र आमच्या भागातली माणसं विसरलेली नाहीत.

आणि महार रेजिमेंट. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये काम करणार असाल तर हा इतिहास माहीत असल्याशिवाय जाऊ नका, कारण घरात तो सगळ्यांना माहीत असतो. १ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई, मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी बंद केलेली महारांची भरती, पहिल्या महायुद्धात १९१७ ला उभी केलेली १११ महार पलटण आणि १९२१ मध्ये ती मोडणं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले, बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे.

हे सगळं एका भिंतीवर दिसतं. बुद्ध, बाबासाहेब आणि वर्दीतला आबाजी किंवा काका, तिघं एका ओळीत. माझ्या डोळ्यांना महाराष्ट्रातल्या व्यक्तिचित्रांची यापेक्षा चांगली मांडणी दिसलेली नाही, आणि ती कुठल्या फोटोग्राफरनं केलेली नाही. फोटो जुना असेल तर टोपीवरचा बिल्लाही निरखून बघा. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढं त्या जागी खंजीर आला. साल कुणाला आठवत नसलं तरी बिल्ला काही सांगून जातो.

माणसं शोधायची कशी?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला जा. ग्रामपंचायतीसमोर वा शाळेच्या पटांगणात जो म्हातारा माणूस झेंडा वर जाताना ताठ होतो, तो बहुतेक फौजी. पाठ वाकलेली असली तरी टाचा जुळतात.

बाकी नेहमीच्या जागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, माजी सैनिकांची कँटीन, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना, माजी सैनिकांची स्थानिक संघटना. या ठिकाणी ओळख करून घ्या, फोटो काढू नका. दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कॅमेरा दाखवणं बरं दिसत नाही. आणि एक सैनिक भेटला की तो दुसऱ्याचं नाव सांगतोच. "आमच्या बॅचचा एक जण आर्वीले हाय, त्याच्याकडे जा न."

दुसऱ्यांचं कोणतं काम पाहावं?

पाहावं, आणि भरपूर पाहावं. चार नावं मी नेहमी सांगते.

जर्मनीच्या ऑगस्ट झांडरनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या मुलखातली माणसं त्यांच्या धंद्यासकट टिपली. शेतकरी, वकील, भांडं ढवळणारा आचारी, आणि सैनिकही, सगळे एकाच शांत नजरेनं. सैनिक हा गावातल्या अनेकांपैकी एक, हे त्याच्याकडून मी शिकले.

टिम हेदरिंग्टन हा ब्रिटिश छायाचित्रकार २००७-०८ मध्ये अफगाणिस्तानच्या कोरेंगल खोऱ्यात अमेरिकन तुकडीसोबत राहिला. लढाईचे फोटो त्यानं काढलेच, पण झोपलेल्या सैनिकांची त्याची मालिका बघा. हेल्मेट-बंदूक बाजूला गेली की ती विशीतली पोरं आईच्या घरात झोपल्यासारखी दिसतात. २०११ मध्ये लिबियात मिसराता शहरात तो मारला गेला.

सुझान ऑप्टन या अमेरिकन बाईंनी इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना डोकं टेबलावर टेकवायला सांगितलं आणि नुसते चेहरे टिपले. आडवा झालेला चेहरा सावधानमध्ये राहूच शकत नाही. लॅलेज स्नो यांनी २०१० मध्ये ब्रिटिश सैनिकांचे तीन-तीन चेहरे घेतले: अफगाणिस्तानला जाण्याआधी, तिथं असताना, आणि परतल्यावर. तिन्ही शेजारी ठेवले की शब्द लागत नाहीत.

पण ही कामं पाहून आमच्या आबाजींना टेबलावर डोकं ठेवायला लावू नका. या प्रत्येकानं स्वतःला एक प्रश्न विचारला होता. सैनिक झोपतो तेव्हा कोण असतो? परत आलेल्या माणसाचं काय बदलतं? असा एखादा प्रश्न तुमच्या गावातून निघाला पाहिजे. माझा प्रश्न तो हातभर भिंतीचा आहे.

माजी सैनिकाला वर्दी घालायला सांगू का?

नका सांगू. पहिल्या वर्षी मी सांगितलं होतं.

नायक म्हणून पेन्शन आलेले एक काका होते. सुनेनं ट्रंकेतून वर्दी काढली, डांबरगोळ्यांचा वास सगळ्या घरात पसरला. पॅन्टचं बटण लागेना. त्यांनी वरून पट्टा आवळला, सदरा ओढून घेतला आणि अंगणात येऊन उभे राहिले. मी फोटो काढला. त्यात त्यांची नजर जमिनीवर आहे. नंतर वर्दीची घडी घालता घालता ते म्हणाले, "पोरी, हे आता माह्यं नाही राह्यलं." तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

तेव्हापासून मी ट्रंक उघडून दाखवाल का, एवढंच विचारते. ती काळी पत्र्याची ट्रंक हाच एक मोठा विषय आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा, नाव. नीट पाहिलं तर हुद्द्याच्या जागी रंगाचे दोन-तीन थर दिसतात. "शिपाई"वर काळा हात मारून "नायक" लिहिलेलं, त्यावर पुन्हा काळा हात मारून "हवालदार". तिरप्या उन्हात खालची अक्षरं उठून येतात. एका माणसाची वीस वर्षं तळहाताएवढ्या पत्र्यावर.

ट्रंक उघडली की ते स्वतःहून काहीतरी उचलतात. कुणी पदकं, कुणी पत्र, एकानं दाढीचा ब्रश. जे उचलतील ते हातात राहू द्या. पदकं निघाली तर त्यांची कड पाहायला विसरू नका, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. १९७१ ला लढलेल्यांकडे 'पूर्वी स्टार' किंवा 'पश्चिमी स्टार' हे पदक सापडेल. पदकं लावून फोटो हवा असं त्यांनीच म्हटलं तर साध्या सदऱ्यावर किंवा कोटावर डाव्या बाजूला लावतात. वारलेल्या नवऱ्याची किंवा मुलाची पदकं घरच्यांनी लावायची ती उजव्या बाजूला.

दुसऱ्या कुणाला, म्हणजे एखाद्या मित्राला, वर्दी चढवून "सैनिक" उभा करणं तर पूर्ण टाळा. सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून तसा गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि माहितीपर कामात ती लबाडीही आहे.

मग वर्दीशिवाय तो सैनिक कसा दिसणार?

दिसतो. आंघोळीचं पाणी तापत असताना दोरीवरच्या आरशात बघून रोज दाढी करणारा शेतकरी. चपलांच्या जोड्या उंबऱ्याशी एका रेषेत. चादरीची घडी काटकोनात. बोलण्यात मधूनच हिंदी: लंगर, गिनती, छुट्टी. पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून चालताना पाठ सरळ.

शिवाय आपल्याकडच्या अनेकांच्या आयुष्यात एक दुसरी वर्दी येते, तिच्याकडे कुणी बघत नाही. पस्तिशी-चाळिशीत पेन्शन आलेला माणूस घरी बसत नाही. कुणी डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात, पुन्हा भरती होतो, कुणी तालुक्याच्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन गार्ड म्हणून उभा राहतो. लोक त्याला पासबुक भरायची मशीन कुठं आहे ते विचारतात. सीमेवर राहून आलेला माणूस बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला असतो, आणि त्या स्टुलावरही त्याची बूटपॉलिश चोख असते. बँकेच्या आत फोटो काढायला परवानगी लागेल, ती मिळाली नाही तर घरून ड्युटीला निघतानाचा क्षण घ्या. मला स्वतःला हे चेहरे फार महत्त्वाचे वाटतात. तुमच्यापैकी कुणी एवढाच विषय घेतला तरी प्रकल्प पुरा होईल.

सेवेतला जवान सुट्टीवर आला आहे. त्याचे फोटो काढता येतात का?

घरातले, साध्या कपड्यांतले, त्याच्या मर्जीनं, घरी ठेवायला, असे काढा. पण प्रसिद्ध करायचे म्हटलं की सावध व्हा. सेवेतल्या माणसाला परवानगीशिवाय माध्यमांशी बोलता येत नाही, लष्करी नियमांतला २१ वा नियम त्याबद्दलच आहे. जुलै २०२० मध्ये सैन्यानं आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती. तुमच्या एका पोस्टनं त्याला युनिटमध्ये उत्तर द्यावं लागेल. तो भिडेपोटी "टाका न ताई, काही नाही होत" म्हणेल. तरी टाकू नका. लेखी परवानगी येईपर्यंत ते फोटो कपाटात राहू द्या, पाच वर्षांनी ते आणखी मोलाचे होतात.

युनिटचं नाव, ओळखपत्र, रजेचा कागद, जिथून आला त्या ठिकाणाची खूण फ्रेममध्ये नको. फोनमधलं लोकेशन बंद करा. आणि कामठीची छावणी असो की पुलगावचं भांडार, गेट, कुंपण, गाड्या यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका. १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा आजही लागू आहे.

आबाजी कॅमेरा दिसला की दगडासारखे ताठ होतात. काय करू?

तो ताठपणा आधी टिपा. तो खोटा नाही. स्टुडिओत पहिल्यांदा जसे बसले होते तसेच ते बसतात, आणि भिंतीवरच्या फोटोशी जोडी लावायला तोच फोटो लागतो.

मग कॅमेरा मांडीवर ठेवा आणि चहा घ्या. हातांना काम द्या: अडकित्ता, पान, तुरीच्या शेंगा, रेडिओचं बटण. मी पोस्टिंगची गावं क्रमानं सांगायला सांगते. बोटांवर मोजत, डोळे बारीक करून माणूस एकेक गाव आठवतो. तिसऱ्या-चौथ्या गावाशी कुठंतरी खांदे खाली येतात. तेव्हा एक किंवा दोनच फोटो. धडाधड वीस काढलेत की पुन्हा सावधान.

युद्धाबद्दल विचारावं का?

"किती मारले?" हे कधीच विचारू नका. दुर्दैवानं गावातली पोरं हाच प्रश्न विचारतात आणि म्हातारी माणसं हसून वेळ मारून नेतात. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात, बहुतेक वेळा तिसऱ्या भेटीत, आणि तेव्हा कॅमेरा बंद असलेला बरा.

पहिल्या सुट्टीबद्दल विचारा. बर्फ पहिल्यांदा पाहिला त्याबद्दल. घरच्या पत्रांबद्दल विचारा, तिथं फार काही सापडतं. सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, फक्त "द्वारा ५६ एपीओ" नाहीतर "९९ एपीओ", म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा आकडा. एका आबाजींची माय पोस्टमनला दर वेळी विचारायची, "हे ५६ एपीओ गाव कुठी हाय बाप्पा?" तिला वाटायचं, एकदा एसटीनं जाऊन पोराला भेटून यावं. ते पत्र हातात धरलेला त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. पत्ता लिहिलेली बाजू वर, आणि अंगठा बरोबर त्या आकड्याखाली.

घरात अंधार असतो आणि बाहेर भाजतं. उजेडाचं काय?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, तेव्हा सकाळी आठनंतर म्हाताऱ्या माणसाला अंगणात उभं करू नका. दुपारचा उजेड घरातच फार सुंदर मिळतो. कवेलूच्या घराचं दार उघडं ठेवा, खुर्ची उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर, तोंड दाराकडे अर्धवट वळलेलं. अंगणातून परतून येणारा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पसरतो. दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडं थर्माकोलची शीट किंवा पांढरं धोतर धरा.

आपल्याकडच्या भिंती निळ्या-हिरव्या असतात, त्यांची झाक गालावर येते. माणसाला भिंतीपासून चार फूट पुढं घ्या. टिनाच्या शेडखाली किंवा निळ्या ताडपत्रीखाली तर बसवूच नका. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर मोजा. धोतर-टोपी पांढरी असली की कॅमेरा फसतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. उलट फोन तो चेहरा गोरा करतो, सुरकुत्या पुसतो. ते ब्युटीचं सेटिंग आधी बंद करा. उन्हानं रापलेला रंग तसाच आला पाहिजे.

कॅमेरा कोणता घेऊ?

जो आहे तो. ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स पुरते. फोन असेल तर चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. दोन पावलं मागं या आणि झूम दुप्पट ठेवा.

भिंतीवरच्या जुन्या फोटोची प्रत कशी काढायची?

सगळ्यात आधी, फोटो फ्रेममधून काढू नका. पावसाळ्यातल्या ओलाव्यानं जुने फोटो काचेला चिकटतात. हिंगणघाटकडच्या एका घरी मी, काळजी घेऊनच, काच अलग करायला गेले आणि गालाचा एक तुकडा काचेवर राहिला. मावशी काही बोलल्या नाहीत. नखाएवढा तो तुकडा त्यांनी रुमालात बांधून ठेवला. त्यांच्या नवऱ्याचा वर्दीतला तो एकच फोटो होता.

काचेसकटच त्याचा फोटो घ्यायचा. फ्रेम सावलीत उभी करा, उजेड दोन्ही बाजूंनी तिरपा येऊ द्या. तुमच्या मागं काळी शाल किंवा घोंगडं धरायला कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत आभाळ दिसत नाही. अंगावर पांढरा सदरा नको. मग फ्रेमची पाठ बघा. खिळे निघत असतील आणि घरच्यांची हरकत नसेल तर मागचा पुठ्ठा हलकेच उचला. स्टुडिओचा शिक्का असतो, बेळगाव, सागर, कामठी, जबलपूर असं गाव कळतं. पुठ्ठ्यामागं कोंबलेल्या जुन्या पेपराच्या तुकड्यावर तारीख सापडते. तीही टिपून ठेवा.

भरतीची तयारी करणारी पोरं घेऊ का?

जरूर घ्या. पहाटे साडेचारला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर ती धावताना दिसतात. १६०० मीटरची दौड, बीम (दांड्याला लटकून अंग वर उचलणं), नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी. दोन कडुलिंबांमध्ये पाइप बांधून बीम केलेला असतो, त्याला धरून धरून तळहाताला घट्टे पडलेले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून भरती चार वर्षांची, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होणार. म्हणजे चोविशी-पंचविशीत परत आलेला माजी सैनिक आपल्याला गावात भेटणार आहे. असा चेहरा याआधी आपल्या भिंतींवर नव्हता.

डच छायाचित्रकार रिनेके डाइकस्ट्रा यांनी फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती झालेल्या ऑलिव्हिए नावाच्या एकाच तरुणाला २००० ते २००३ पर्यंत पुन्हा पुन्हा टिपलं. आपल्याकडं एका गावातली पाच पोरं धरा: भरतीआधी, पहिल्या सुट्टीत, चार वर्षांनी. जी भरती होणार नाहीत त्यांनाही सोडू नका. वय निघून गेल्यावर शेतात परतलेला, पण अजून पहाटे धावणारा पोरगा याच विषयातला आहे.

ज्या घरातला माणूस कामी आला, त्या घरी जावं का?

लगेच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात सीआरपीएफचे जवान गेले, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन होते. अशा वेळी गावात गाड्या, कॅमेरे, पुढारी, माईक. तेव्हा आपण आणखी एक कॅमेरा घेऊन जाऊ नये. गर्दी ओसरल्यावर, वर्ष-दोन वर्षांनी, ओळखीच्या माणसामार्फत विचारा. आणि वीरमाता-वीरपत्नीला फोटो हातात धरून बसायला सांगू नका. ते सगळ्यांनी काढून झालंय. तिला विचारा, तुम्हाला कुठं बसायला आवडेल?

फोटोखाली काय लिहायचं?

नाव त्यांनी सांगितलं तसं. हुद्दा, रेजिमेंट आणि वर्षं डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळालेल्या नोंदवहीत) पाहून, नुसतं ऐकून नको. शिपायाला प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव आहे: गार्ड्समध्ये गार्ड्समन, इंजिनिअर्समध्ये सॅपर, तोफखान्यात गनर. मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्यांना सुभेदार लिहिलंत तर वाईट वाटतं, आणि ते रास्तच आहे. सीआरपीएफ, बीएसएफ ही निमलष्करी दलं. गाव सगळ्यांना मिलट्रीवालेच म्हणतं, पण तुम्ही नेमकं लिहा. सर्व्हिस नंबर मात्र छापू नका.

पैसे द्यावेत का? परवानगी कशी घ्यावी?

पैसे नाही, फोटो द्यावा. चांगल्या कागदावर, फ्रेम करून, स्वतः नेऊन. परवानगी साध्या मराठीत एका पानावर: फोटो कुठं कुठं दाखवणार, कधीही नाही म्हणता येईल. घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

प्रदर्शन कुठं लावू?

आधी त्याच गावात. २६ जानेवारीला शाळेच्या व्हरांड्यात, दोरीला चिमटे लावून. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारा. मॅट कागदावर छापा, चकचकीत कागदावर उन्हात काही दिसत नाही. नागपूर-मुंबईचं नंतर बघता येईल.

घरातल्या बायका या प्रकल्पात बसतात का?

देवळी तालुक्यातल्या त्याच आबाजींना मी फोटो द्यायला गेले. त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मस्त आला. हार घालाले कामी येईन." मुलानं लगेच जुन्या फोटोखाली खिळा ठोकला.

आजी दाराशी उभ्या होत्या. आबाजी नोकरीवर असताना शेत, दोन पोरं, सासू आणि सालदार त्यांनीच सांभाळलेले. सून मला हळूच म्हणाली, "ताई, आमच्या आत्याबाईचा एकबी फोटो नाही भिंतीवर. काढता का?" मी सगळी भिंत पाहिली. खरंच नव्हता. एवढ्या खेपा घातल्या, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आजी आधी नाही म्हणाल्या. मग आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं, त्याच काळ्या ट्रंकेचं. दारातला उजेड खाली सरकत चालला होता. मी खुर्ची उंबऱ्याजवळ ओढली आणि त्या लुगडं बदलून येईपर्यंत थांबले.